पावसाळ्याआधी गाडीच्या काचेला आणि हेडलाइटला वॉटर रिपेलंट: घासण्यापासून लावण्यापर्यंत

वॉटर रिपेलंट म्हणजे पाणी पसरू न देणारं औषध. ते नीट बसलेल्या काचेवर पाणी अळूच्या पानावर राहतं तसं राहतं. पसरत नाही, गोळा होतं, आणि गाडीने ताशी ६०-७० चा वेग गाठला की वाऱ्याच्या जोराने थेंब काचेवरून वर पळू लागतात. बाटलीच्या वेष्टनावर हेच चित्र असतं. पण लावणाऱ्यांपैकी बरेच लोक थोड्याच दिवसांत कंटाळतात, कारण वायपर थरथरायला लागतो, रात्री समोरच्या दिव्यांची चकाकी वाढते, नाहीतर हेडलाइट आधीपेक्षा धुरकट दिसतो. दोष बहुतेक वेळा बाटलीचा नसतो. तेलकट काचेवर लावलेलं असतं, किंवा काचेचं औषध प्लास्टिकला फासलेलं असतं.

पुढची काच ही खरी काच आहे, दोन थरांत प्लास्टिकचा पापुद्रा घातलेली. हेडलाइटचं आवरण काचेचं नाही, ते पॉलिकार्बोनेट आहे, म्हणजे प्लास्टिक. दोन्हींची साफसफाई वेगळी, बाटली वेगळी, चुकाही वेगळ्या. म्हणून खाली काच आधी आणि हेडलाइट नंतर घेतले आहेत.

१. आधी ठरवा: कुठे लावायचं, कुठे नाही

पुणे-मुंबई, मुंबई-गोवा, समृद्धी अशा रस्त्यांवर पावसात वरचेवर जाणं असेल तर पुढच्या काचेला जरूर लावा. गाडी फक्त शहरात, सिग्नल ते सिग्नल ताशी २०-३० ने चालत असेल आणि त्यातही रात्रीच जास्त, तर पुढची काच सोडून द्या. कमी वेगात थेंब उडत नाहीत, जागेवर बसून राहतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचे शंभर तुकडे करतात. अशा वापरात स्वच्छ काच आणि नवं वायपर रबर ही जोडी जास्त कामाची. हे दुकानदार सांगणार नाही.

दाराच्या पुढच्या दोन काचांना मात्र सगळ्यांनीच लावावं. तिथे वायपर नसतो, आणि साइड मिरर बघायचा तो याच काचेतून. साइड मिररलाही लावता येतं, पण आरशावर वारा कमी लागतो, त्यामुळे बारीक थेंब चिकटून राहतात. काही जण आरशाला उलट गुणाची, पाणी सपाट पसरवणारी फिल्म लावतात, ती तिथे अधिक बरी. मागच्या काचेचा प्रश्नही तसाच आहे. हॅचबॅकच्या मागे हवा घुटमळते आणि चिखल ओढून आणते, थेंब उडवून नेत नाही. तिथे फायदा इतकाच की चिखल पाण्याच्या एका फवाऱ्यात निघतो.

काचेच्या आतल्या बाजूला हे कधीही लावू नका. आतल्या धुक्याला याचा इलाज नाही. उलट वाफ बारीक बारीक थेंबांत जमते आणि दिसणं आणखी बिघडतं. त्यासाठी एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडणं हाच उपाय. आंबोलीच्या किंवा लोणावळ्याच्या धुक्यातही बाहेरचं कोटिंग काही करत नाही.

२. बाटली निवडणं

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात.

सिलिकॉनवाली: सगळ्यात स्वस्त, लावायला सोपी, चूक झाली तरी पुसून टाकता येते. रेन-एक्स हे नाव यातलं सगळ्यात जुनं. वायपर चालतो त्या भागात भर पावसात महिना-दीड महिना टिकते, म्हणजे जून ते सप्टेंबर तीन-चारदा लावायची तयारी हवी.

फ्लोरिनवाली: जास्त टिकते, काही महिने तरी. पण काच अगदी स्वच्छ लागते, आणि वाळेपर्यंत पाणी लागता कामा नये. घाईत लावली तर डाग पक्के बसतात.

सिरॅमिक या नावाने विकली जाणारी: यात चांगलीही आहेत आणि सिलिकॉनच्या बाटलीला नवं लेबल लावलेलीही. बाटलीवर काचेसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. रंगासाठीचं सिरॅमिक काचेवर लावलं तर वायपर हमखास उड्या मारतो.

पहिल्यांदाच करत असाल तर सिलिकॉनवाली घ्या. हात बसला की पुढच्या वर्षी फ्लोरिनकडे वळा.

ही औषधं टिकतात कशी, हे एकदा समजलं की पुढचं घासणं कंटाळवाणं वाटत नाही. काचेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे मोकळे गट असतात आणि औषधातला रेणू त्यांना रासायनिक बंधाने धरतो. मध्ये मेणाचा किंवा डिझेलच्या धुराचा पातळ थर असेल तर औषध त्या थराला धरतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात दोघे मिळून वाहून जातात. प्लास्टिकवर तसे गट काचेइतके नसतात, म्हणून काचेचं औषध हेडलाइटवर फार टिकत नाही.

३. लागणारं सामान

- गाडी धुण्याचा साधा शाम्पू आणि दोन बादल्या
- पांढरं व्हिनेगर, अर्धा लिटर
- डिस्टिल्ड वॉटर, २ लिटर. बॅटरीत घालायचं पाणी म्हणून बॅटरीवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर मिळतं
- सिरियम ऑक्साइडची (काच घासून साफ करायची बारीक) पावडर ५० ग्रॅम, किंवा तयार ग्लास पॉलिश
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, २५० मिली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट पुसायला म्हणून ठेवतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल
- मायक्रोफायबर कापडं किमान सहा, त्यातली दोन कोरी
- फेल्टचा किंवा स्पंजचा एक पॅड
- मास्किंग टेप, रबरी हातमोजे, धूळ अडवणारा मास्क
- रिपेलंट. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या काचेला एका हाताला ५ ते ८ मिली पुरतं

अल्कोहोलच्या जागी घरातलं हँड सॅनिटायझर वापरू नका. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं, आणि तेच काचेवर चिकट थर सोडतं. मायक्रोफायबर धुताना सुगंधी कंडिशनर टाळा, त्याचाही तसाच थर राहतो. वर्तमानपत्राने काच पुसायची सवय घरच्या खिडकीपुरती ठेवा.

४. वेळ आणि जागा

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं आणि मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोचतो. पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच मुंबईत आला होता. तेव्हा मे महिन्याचा तिसरा आठवडा धरून चाला.

मेमधलं ऊन हीच मोठी अडचण. उन्हात उभ्या गाडीची काच हाताला चटका देते आणि तिच्यावर औषध पसरायच्या आत उडून जातं, मागे पांढरे पट्टे उरतात. सकाळी ७ ते ९, किंवा तळघरातलं पार्किंग. काचेवर तळहात ठेवून सहज टेकवता आला पाहिजे. तळघरात काम केलंत तर हवा खेळती ठेवा आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा. बहुतेक रिपेलंट अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, पटकन पेट घेतं.

५. धुणं, आणि वायपर उचलण्यातली खबरदारी

शाम्पूने काच, वायपरची खाच, बोनेटच्या कडेची जाळी, सगळं धुवा. तिथली माती राहिली तर पुढे घासताना तीच काचेवर ओरखडे काढेल.

वायपर उभे करताना काचेवर जाड टॉवेलची घडी ठेवा. दांडी हातातून सुटून काचेवर आपटली तर काच तडकू शकते. ज्या गाड्यांचे वायपर बोनेटखाली लपलेले असतात त्यांना आधी सर्व्हिस पोझिशनला आणावं लागतं. इग्निशन बंद केल्यावर लगेच स्टिअरिंगजवळचा वायपरचा दांडा दाबून धरला की बऱ्याच गाड्यांत ते मध्यावर येऊन थांबतात. तुमच्या गाडीची रीत मॅन्युअलमध्ये असते.

६. क्षाराचे डाग

सोसायटीत बोअरच्या पाण्याने गाडी धुतली जात असेल तर काचेवर पांढरट ठिपक्यांची जाळी असणारच. पाणी वाळून जातं, कॅल्शियम मागे राहतं. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्या, कापड भिजवून डागांवर पाच मिनिटं पसरून ठेवा, मग घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. एकदा पुरलं नाही तर दोनदा करा. बोनेटच्या रंगावर ओघळ आले तर लगेच धुऊन टाका.

टॉयलेट क्लीनर वापरू नका. त्यातलं आम्ल रबर आणि क्रोम खातं. खुल्या बाटलीतून ‘काचेचा डाग चुटकीसरशी’ म्हणून मिळणारी बेनाव द्रावणंही नकोत. त्यांतल्या काहींत फ्लोराइडचं आम्ल असतं, ते काच तर कुरतडतंच, हातालाही गंभीर इजा करतं.

७. तेलकट थर काढणं (खरं काम इथे आहे)

स्वच्छ दिसणाऱ्या काचेवरही तेलकट थर असतो. ट्रकच्या सायलेन्सरमधून आलेला धूर, बोनेटच्या वॅक्सचं पाणी, टायर आणि डॅशबोर्ड चकचकीत करायच्या स्प्रेचं सिलिकॉन, वायपरच्या रबराचा काळेपणा. वॉशिंग सेंटरमध्ये पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा ऑइल मारतात, त्याचा फवारा उडतो, आणि मग त्याच फडक्याने काच पुसली जाते. काही गॅरेजमध्ये तर काच चमकायला मुद्दाम रॉकेलचा बोळा फिरवतात. दिवसा काही कळत नाही. रात्री, पाऊस थांबता थांबता, वायपर फिरला की इंद्रधनुष्यी फटकारा दिसतो तो हाच थर.

शाम्पूने तो जात नाही. घासून काढावा लागतो.

काचेच्या कडेच्या काळ्या रबरावर आणि प्लास्टिकच्या पट्टीवर मास्किंग टेप लावा. मास्क घालून वाटीत दोन चहाचे चमचे सिरियम ऑक्साइड घ्या, थोडं थोडं पाणी घालत पातळ लेप करा. काच मनात चार-सहा भागांत वाटून घ्या, एका वेळी साधारण ४० बाय ४० सेंटिमीटर. पॅडवर लेप घेऊन मध्यम दाबाने आधी आडवे आणि मग उभे हात मारा.

आता लेपाकडे नीट बघा. जिथे तेल आहे तिथे तो टिकत नाही, फाटतो, मागे सरकतो, मध्ये काचेची बेटं उघडी पडतात. घासत राहिलं की बेटं लहान होत जातात. लेप सगळीकडे सलग, एकसारखा पसरून राहू लागला की तो भाग झाला. काही भाग दोन मिनिटांत होतात, वायपरच्या कमानीच्या कडेचा आणि काचेच्या तळाचा भाग पाच-सात मिनिटं खातो. लेप वाळू देऊ नका, वाळत आला की पाण्याचा हलका फवारा मारा. शेवटी भरपूर पाण्याने धुवा. टेपच्या कडेला साठलेली पावडर वाळल्यावर काढायला फार त्रास देते.

वायपरने पडलेले ओरखडे याने जात नाहीत. नखाला लागणारी चर असेल तर तो काचवाल्याचा विषय. आणि ही पावडर हेडलाइटवर चालवू नका.

८. परीक्षा

काचेवर डिस्टिल्ड वॉटरचा फवारा मारा. पाणी सलग पडद्यासारखं खाली उतरलं आणि कुठेही तुटलं नाही तर काच तयार आहे. कुठे थेंब जमले तर तिथे अजून तेल आहे किंवा जुनं कोटिंग उरलंय. त्या जागेपुरती सातवी पायरी पुन्हा करा. रिपेलंट लावण्याआधी काचेवर थेंब दिसणं हे वाईट लक्षण आहे, इथे नवखे हटकून फसतात.

परीक्षा झाल्यावर कोरडं पुसा, मग अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं मिसळून कोऱ्या कापडाने एक हात फिरवा. यानंतर काचेला बोट लावू नका.

९. लावणं

हातमोजे घाला. पॅडवर रिपेलंटचे आठ-दहा थेंब घ्या. थेट काचेवर ओतू नका, ओघळ रबरावर जाऊन पांढरा डाग पडतो. आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत, मग त्याच भागावर उभे पट्टे. ड्रायव्हरच्या समोरचा भाग शेवटी घ्या, तोवर हात बसतो.

दोन-पाच मिनिटांत काच धुरकट होते. हा धुरकटपणा सगळीकडे एकसारखा आला की कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, मग दुसऱ्या कोऱ्या कापडाने चमक येईपर्यंत. पुसायला जड जात असेल तर कापड किंचित ओलं करा (सिलिकॉनवाल्याला हे चालतं, फ्लोरिनवाल्याला बाटलीवर सांगितलं असेल तरच). दुसरा हात तासाभराने द्या. तिसऱ्या हाताने काही मिळत नाही.

किती वेळ कोरडं ठेवायचं ते बाटलीवर बघा. सिलिकॉनला अर्धा-एक तास पुरतो. फ्लोरिन आणि सिरॅमिकला रात्रभर दिलेलं बरं, १२ तास धरा. दाराच्या काचा तेवढा वेळ खाली करू नका, चौकटीतली फेल्टची पट्टी ओलं कोटिंग ओरबाडून काढते.

आरशामागे रेन सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर मॅन्युअल उघडा. रेन सेन्सर काचेत सोडलेला इन्फ्रारेड प्रकाश किती परत येतो त्यावरून पाणी ओळखतो. काचेवर पाणी पसरण्याऐवजी थेंबांत बसलं की त्याचा अंदाज बदलतो, वायपर उशिरा किंवा विनाकारण फिरतो. लेन आणि ब्रेकसाठीचा कॅमेरा असलेल्या गाडीत त्याच्यासमोरच्या काचेवर पुसायचा राहिलेला पट्टा अजिबात चालणार नाही. कंपनीने मनाई केली असेल तर तेवढा चौकोन टेप लावून सोडून द्या.

१०. वायपर

कोटिंग झाल्यावर जुनंच रबर तसंच खाली सोडू नका. त्याच्या धारेवरचा काळा तेलकटपणा पहिल्याच फेरीत काचेवर उतरतो. अल्कोहोलच्या ओल्या कापडाने धार चिमटीत धरून पुसा, कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत. रबर वर्षाहून जुनं असेल, कडक झालं असेल किंवा धारेला चीर असेल तर बदला.

वायपर थरथरतोय? आधी काच अल्कोहोलने पुसून बघा, बहुतेक वेळा न पुसलेला जादा रिपेलंट हेच कारण असतं. तरी राहिलं तर नीट बघा, थरथर दोन्ही दिशांना आहे की एकाच. एकाच दिशेला असेल तर दांडी किंचित पिळलेली असते. रबर काचेला काटकोनात टेकायला हवं, म्हणजे दिशा बदलताना धार दुसऱ्या बाजूला पालटते. दांडी मेकॅनिककडून सरळ करून घ्या, पक्कडीने घरी पिळू नका.

वॉशरच्या टाकीत कपड्यांची पावडर किंवा केसांचा शाम्पू घालू नका. त्याचा थर काचेवर वाळतो आणि कोटिंग झाकून टाकतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये वॉशरसाठीचं द्रावण पुरतं.

११. हेडलाइट: आधी ओलं करून बघा

हेडलाइटवर थोडं पाणी ओता. ओला असताना स्वच्छ पारदर्शक आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट, असं झालं तर खराबी बाहेरच्या थरात आहे आणि ती घासून निघेल. ओला असतानाही धुरकटच राहिला तर आत काहीतरी आहे, मग बाहेरून कितीही घासून उपयोग नाही.

गाडी धुतल्यावर आत थोडी वाफ धरून दिवे लावल्यावर गेली तर काळजी नको, हेडलाइटला हवेसाठी छिद्रं असतातच. तळाशी पाणी साठत असेल तर मागचं रबरी झाकण किंवा सील गेलंय. ते आधी.

*हेडलाइट स्वच्छ असेल तर* काम सोपं आहे. शाम्पूने धुवा, दिवे तासभर तरी बंद असू द्या म्हणजे आवरण थंड राहील, पाणी मिसळलेलं अल्कोहोल कापडावर घेऊन भरभर पुसा आणि प्लास्टिकला चालेल असं लिहिलेलं रिपेलंट किंवा पॉलिमर सीलंट लावा. दोन पातळ हात, मध्ये तासभर. कोकणातल्या लाल मातीत याचा फायदा लगेच दिसतो, चिखलाची साय पुढच्या सरीत आपोआप धुऊन जाते. एलईडी दिव्यांना तर याची जास्त गरज, कारण त्यांचं आवरण हॅलोजनइतकं तापत नाही आणि ओला मळ वाळून गळून पडत नाही.

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन किंवा अमोनियावाला काच-क्लीनर पॉलिकार्बोनेटच्या जवळही नको. बारीक केसासारख्या चिरा पडतात, आणि त्या परत भरत नाहीत. नेटवर डास पळवणारा स्प्रे मारून पिवळेपणा घालवतानाचे व्हिडिओ फिरतात. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चकाकी येते आणि काही दिवसांत आधीपेक्षा वाईट दिसतं. टूथपेस्टने इतकं नुकसान होत नाही, पण चमक आठवडा-दोन आठवडेच राहते.

*हेडलाइट पिवळा असेल तर* रिपेलंट हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. पिवळेपणा उन्हातल्या अतिनील किरणांमुळे येतो. कारखान्यात लावलेला संरक्षक थर आधी जातो, मग खालचं प्लास्टिक. पाणी पळवणारं कोटिंग ऊन अडवत नाही.

कडेने मास्किंग टेपचे दोन फेर लावा. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर म्हणून (पाण्यासोबत वापरायचा पॉलिशपेपर) मिळतो तो १०००, १५०० आणि २००० नंबरचा घ्या. जुना थर पापुद्र्यांनी सुटत असेल तरच ८०० पासून सुरुवात करा. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका, कागद दहा मिनिटं भिजू द्या. १००० ने आडवं घासा. सुरुवातीला पिवळट दुधी पाणी निघेल, ते पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही. मग १५०० ने उभं, २००० ने पुन्हा आडवं. दिशा बदलल्यामुळे आधीच्या कागदाची रेघ कुठे उरलीय ते उठून दिसतं. प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, कोरडं करून तपासा, ओल्यावर सगळंच छान दिसतं. शेवटी प्लास्टिक पॉलिशने चमक आणा.

आता हेडलाइट नव्यासारखा दिसेल, आणि नेमके इथेच बहुतेक लोक थांबतात. संरक्षक थर तुम्ही घासून काढलाय. उघडं प्लास्टिक आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात पुन्हा पिवळं पडतं. त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट हवाच. कापडाने पुसून लावायचा प्रकार घरी जमतो. दोन भाग मिसळून मारायचा स्प्रे जास्त टिकतो, पण त्याच्या वाफेत आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा मास्क ते अडवत नाही. तो गाडी रंगवणाऱ्याकडून मारून घ्या. कोट पूर्ण सुकल्यावर, आठवडाभराने, वरून प्लास्टिकचं रिपेलंट.

१२. पुढची देखभाल

कोटिंग संपत आल्याची पहिली खूण वायपरच्या कमानीत दिसते. गोल थेंबांऐवजी वेडेवाकडे ठिपके, आणि कमानीबाहेर मात्र अजून गोल थेंब. तेव्हा सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. शाम्पू, अल्कोहोल आणि एक हात, अर्ध्या तासाचं काम. गणपतीला गावी जायच्या आधी हा एक हात दिलेला बरा, मेमध्ये लावलेलं सिलिकॉन तोवर गेलेलं असतं.

रात्री चकाकी सहनच होत नसेल आणि कोटिंग काढायचं असेल तर सातवी पायरी पुन्हा करा, सिरियम ऑक्साइड ते काढून टाकतं. एसटीचे आणि ट्रकचे जुने चालक काचेवर तंबाखूचं पाणी किंवा कापलेला बटाटा चोळत आले आहेत. त्याने उलट काम होतं, पाणी थेंब न होता सपाट पसरतं, आणि कमी वेगात ते खरंच बरं पडतं. रिपेलंटवर मात्र ते चोळू नका, दोन्हींचा गुण जातो.

उरलेली बाटली घट्ट बंद करून घरात सावलीत ठेवा, डिकीत नको, मेच्या उन्हात बंद डिकी भट्टीसारखी तापते. फ्लोरिनवाली आणि सिरॅमिक बाटली एकदा उघडली की हवेतला दमटपणा खाते. उघडल्याची तारीख टेपवर लिहून चिकटवा, आणि पुढच्या मेमध्ये आत पांढरे कण किंवा दाटपणा दिसला तर ती टाकून नवी आणा.